आक्का आधी थेंब घालायच्या

"आधी डोळ्यांत थेंब घालून घे. मग तुझं मशीन दाखव."

आक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या एवढंच.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. गाव कोरेगाव, शिक्षण सांगलीत, आणि शिक्षण संपल्यावर तिथल्याच एका तिघा-चौघांच्या कंपनीत नोकरी. आम्ही दवाखान्यांना टोकन मशीन बसवून द्यायचो. बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी बाहेर, आणि भिंतीवर लाल आकड्यांत चालू नंबर. सांगलीपासून अर्ध्या तासावर एका ट्रस्टचं डोळ्यांचं इस्पितळ होतं. तिथलं काम मला मिळालं आणि तिथल्या व्यवस्थापक म्हणजे आक्का. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणायचे.

"मला काही त्रास नाही आक्का," मी म्हटलं. "मी कंपनीकडून आलोय."

"त्रास न्हाई म्हणूनच घाल म्हणते. त्रास आसलेल्यांना आमी रोजच घालतोय."

नर्सनं थेंब घातले. तपासणीआधी बाहुली मोठी करतात ते थेंब. अर्धा तास डोळे मिटून बसलो. मग आक्कांनी माझ्याच मशीनचं बटण दाबून चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता जा डॉक्टरांकडं."

चिठ्ठीवरचा आकडा मला दिसेना. कागद नुसता पांढरा. भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं तर माझे लाल आकडे जिलबीसारखे पसरलेले. दारांवरच्या पाट्या होत्या, पण त्यावर अक्षरं आहेत एवढंच कळत होतं. अंदाजानं एक दार ढकललं, तर आत चादरींचे गठ्ठे. परत येऊन बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं पाठीमागून आवाज आला, "तुझा नंबर तीनदा यून गेला की रं, इंजिनेर."

आक्का सगळा वेळ माझ्या मागच्याच बाकावर बसून होत्या.

त्या दिवशी परत जाताना मला एसटीची पाटी वाचता येईना. शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "शिकलेला दिसतोस की. वाच."

आक्का जाऊन आता दोन वर्षं झाली. पुण्यात कुठल्याही बैठकीत कुणी नवीन यंत्रणेचं कौतुक सांगायला लागलं की माझे डोळे उगाच चुरचुरल्यासारखे होतात.

त्या बुटक्या होत्या. पांढरं पातळ, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातल्या. लग्न केलं नव्हतं, का ते कुणी विचारलं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा नेम. त्यामुळे संध्याकाळच्या बैठका म्हणजे गंमत असायची. ट्रस्टी बोलतायत, फाइली उघडल्यात, आणि आक्का खिडकीतून बाहेर बघून उठतायत. "तुमचं चालू द्या. दिस माझ्यासाठी थांबणार न्हाई." त्या डबा घेऊन जायच्या, जेवून परत यायच्या आणि जिथं सोडलं होतं तिथूनच वाद पुढे सुरू करायच्या.

त्यांना केबिन होती, पण तिच्यात त्या बसत नसत. पेशंटबरोबर आलेल्यांची बोचकी, पाण्याच्या कळश्या, डबे ठेवायला ती दिलेली होती. आक्का बसायच्या पेशंटांच्या बाकावर, आणि तेही रोज वेगळ्या. आज औषधाच्या खिडकीसमोर, उद्या फाटकाजवळ. नव्या माणसाला त्या पेशंटच वाटायच्या. एकदा एका म्हातारीनं त्यांना पाऊण तास आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली आणि शेवटी विचारलं, "तुमचा कंचा डोळा?" आक्का म्हणाल्या, "दोन्ही."

कमरेला एक कापडी पिशवी असायची, तिच्यात घेवड्याचे दाणे. इस्पितळात कुणी कुणालाही काही विचारलं, की आक्का एक दाणा पिशवीतून काढून पदराच्या गाठीत टाकायच्या. मुतारी कुठं हाय, डॉक्टर कवा येणार, चष्मा कुठं मिळतोय. प्रत्येक प्रश्नाची गाठ वेगळी. शनिवारी त्या दाणे मोजायच्या आणि ज्या प्रश्नाचे दाणे जास्त, तो प्रश्न पुढच्या आठवड्यात संपवायचा. पुढे पुढे मी गावाहून येताना कोरेगावचा घेवडा आणायला लागलो. त्या तो शिजवायच्या नाहीत. मोजायला ठेवायच्या.

मी एकदा हसून म्हटलं, "आक्का, लोकांना पाट्या वाचायची सवयच नाही."

"लोकांना इचारावं लागतंय ना? म्हंजे अडाणी आपण हाय. त्यांचं काय चुकलं न्हाई."

मुतारीचे दाणे सगळ्यांत जास्त निघायचे. ट्रस्टनं चकचकीत पाट्या लावल्या, बाण काढले, काही फरक पडला नाही. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला पाटीचं काय कौतुक? मग एके दिवशी आक्का बाजारात जाऊन सुताचा जाड दोर घेऊन आल्या, बैलाला बांधतात तसला. भिंतीला हाताच्या उंचीवर तो आडवा ठोकून घेतला. एक गाठ आली की मुतारी, दोन गाठी आल्या की डॉक्टर, तीन आल्या की औषधं. इमारतीचा आराखडा काढणारे साहेब मुंबईहून आले होते, त्यांनी कपाळाला हात लावला. पण पट्टी बांधलेले म्हातारे तो दोर धरून असे चालायला लागले की जणू आपल्याच गोठ्यात फिरतायत. आक्का म्हणाल्या, "डोळं गेलं तरी हात कासरा इसरत न्हाई."

माझं मशीन त्यांनी फेकून दिलं नाही, हे मात्र सांगायला हवं. नंबर तेवढे काढून टाकायला लावले. "नंबर म्हशीच्या कानाला मारत्यात. माणसाला नाव आसतंय. नाव घे आणि गाव घे." म्हणून मी स्पीकर जोडला आणि संगणकातल्या बाईच्या आवाजात नावं पुकारायची सोय केली. "कृपया आत यावे," असं ती गोड आवाजात म्हणायची. कुणी उठेना. स्वतःचं नाव ऐकूनही माणसं शेजारच्याला विचारायची, "कुणाला बोलवालीय ही?" शेवटी तिथल्या आयाबाईंचा आवाज घेतला. त्या "आवं, चला की आत" अशा ओरडल्या की अख्खा बाक उभा राहायचा.

अशी दोन वर्षं गेली. मी निम्मा कंपनीचा आणि निम्मा आक्कांचा झालो होतो. आणि तरीही मी ती चूक केली.

इस्पितळात दोघी बायका दिवसभर फोन करायच्या. तपासणीची तारीख जवळ आली की पेशंटच्या घरी फोन. "आबा, बुधवारी यायचं हाय. थेंब घालताय न्हवं? म्हस व्याली का?" असं सगळं बोलणं. ट्रस्टवर नवीन माणसं आली होती. त्यांना हा खर्च फुकटचा वाटला. त्यांनी मला विचारलं आणि मी हौसेनं सांगितलं, की मोबाइलवर संदेश आपोआप जाईल, माणूस लागणार नाही. आक्का बैठकीत म्हणाल्या, "मोबाइल कुणाच्या खिशात हाय ते बघितलंस का?" मी म्हटलं, "आक्का, आता घराघरात मोबाइल आहे."

सूर्य मावळायला आला होता. आक्का उठून जेवायला गेल्या, आणि त्या अर्ध्या तासात ठराव झाला. फोन करणाऱ्या बायका वॉर्डात कामाला गेल्या.

माझ्या पडद्यावर रोज हिरव्या खुणा यायच्या. संदेश पोहोचला, संदेश पोहोचला. मला फार समाधान वाटायचं.

सात-आठ महिन्यांनी तासगावाकडच्या एका खेड्यातले एक आबा, इस्पितळाचे जुनेच पेशंट, बायकोबरोबर आले. गोठ्यात खुंट्याला अडखळून पडले होते. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. तो दुखत नाही, खुपत नाही, नुसती नजर खातो. थेंब जन्मभर घालायचे आणि तीन महिन्यांनी दाखवायचं, एवढं केलं की डोळा टिकतो. डॉक्टरांनी तपासलं. डावा डोळा पुरता गेला होता. उजव्यात थोडी नजर शिल्लक होती. आठ दिवसांनी परत या म्हणून सांगितलं. ते आले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी आक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "चल. जीप काढायला सांगितलीया."

वाटेत मी मोबाइलवर नोंद काढून ठेवली. आबांच्या नावापुढे तीन संदेश, तिन्हीपुढे हिरवी खूण.

आबा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. आम्ही दिसताच बायकोला चहा टाकायला सांगितलं. मग माझ्याकडे मान वळवून, उजवा डोळा बारीक करून बघत म्हणाले, "आन् ह्ये कोण?"

"ह्यो निरोप धाडणारा," आक्का म्हणाल्या.

"निरोप?" आबा विचारात पडले. "कंचा निरोप?"

मोबाइल माझ्या हातातच होता. तो मी खिशात घातला.

हळूहळू कळलं. नंबर होता तो मुलाचा. मुलगा शिरवळला कारखान्यात. कामावर जाताना फोन फाटकावर जमा करायचा, सुटल्यावर घ्यायचा. दिवसभराचे दहा-वीस संदेश, त्यात इस्पितळाचा एक, तोही इंग्रजीत. त्याला ती जाहिरात वाटली. आणि इकडे आबा वाट बघत होते. आधी फोन यायचा, आता येत नव्हता.

"बोलवलं न्हाई, म्हंजे बरं झालं आसंल आसं वाटलं," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"आन् आता आठ दिसानं या म्हटलं हुतं, तर का न्हाई आलासा?" आक्कांनी विचारलं.

आबा शेंगा फोडत राहिले. त्यांच्या बायकोनं चहा आणला आणि त्याच बोलल्या. "भ्याल्यात. एक गेला, आता दुसऱ्याचं बी वाईटच सांगत्याल म्हणून येत न्हाईत."

मला वाटलं आता आक्का समजावतील, काचबिंदूची माहिती देतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्या ओसरीवर मांडी घालून बसल्या, शेंगा पुढ्यात ओढल्या आणि विचारायला लागल्या. सकाळी कवा उठतासा? म्हशी किती? एसटी कवा हाय? थेंबाच्या बाटल्या कुठं ठेवलाईसा? बायकोनं बाटल्या आणून दिल्या. दोन्ही सारख्याच, पांढऱ्या, हिरव्या टोपणाच्या. एक सकाळ-संध्याकाळ घालायची, एक फक्त झोपताना. आबांनी दोन्ही हातात घेतल्या आणि म्हणाले, "मी आपलं जी हाताला यील ती घालतोय."

आक्कांनी पदराचा दोरा तोडला आणि एका बाटलीच्या गळ्याला गुंडाळून गाठ मारली. "ही निजताना. हात लावून बघा." आबांनी अंगठा फिरवला. मान हलवली.

"दूध कुठं घालतासा?"

"हितंच, डेअरीत. दोन टाइम."

"कवा चुकलाय का?"

आबा पहिल्यांदा हसले. "म्हस हाय तवर कसं चुकंल?"

आक्का माझ्याकडे वळल्या. तेवढंच. पण मला समजलं. जो माणूस दिवसातून दोनदा चालत एका जागी जातो आणि कधीच चुकत नाही, त्याला मी निरोप तिसऱ्याच गावातल्या फोनवर पाठवत होतो.

आबा त्याच दिवशी आमच्या जीपमधून आले. उजवा डोळा वाचला. डाव्याचं काही करता आलं नाही. इस्पितळात परतल्यावर मी आक्कांना म्हटलं, "माझ्यामुळं गेला तो डोळा." मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळं आन् माझ्यामुळं. मी त्या दिवशी जेवायला उठाया नको हुतं." त्यानंतर त्यांनी कुठल्याही बैठकीआधीच जेवून घ्यायला सुरुवात केली.

मी महिनाभर बसून गावागावांच्या याद्या केल्या. कागदाचा एक तुकडा दर आठवड्याला डेअरीत जाणार, आणि दूध मापणारा माणूस म्हणणार, "आबा, बुधवारी डोळ्याला जायचंय." जिथं डेअरी नाही तिथं फोन करणाऱ्या बायका. पण त्यांना परत आणायचं तर ट्रस्टची मंजुरी हवी होती, आणि ट्रस्टी म्हणत होते, की एका माणसासाठी सगळी व्यवस्था बदलता येत नाही.

त्या वर्षीच्या सभेआधी आक्कांनी सगळ्या ट्रस्टींना कळवलं, की तुमची डोळ्यांची तपासणी सभेच्या दिवशीच करून घेऊ, वेगळी खेप नको. मंडळी खूश. सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब पडले. मग आक्कांनी सभा वरच्या मजल्यावर ठेवल्याचं सांगितलं आणि त्यांना एकटं सोडलं.

मी जिन्याजवळ उभा होतो. पांढऱ्या शर्टातली सात मोठी माणसं भिंतीला हात लावून चाललेली. एकजण दोर धरून थेट मुतारीत पोचले आणि आतून विचारू लागले, "सभा इथंच का?" वर आल्यावर प्रत्येकापुढे मी छापलेला दहा पानांचा अहवाल होता. कुणालाच एक ओळ दिसेना.

"वाचता यीना?" आक्कांनी विचारलं. "मग मी बोलते."

त्यांनी आबांची हकिगत सांगितली. मोबाइलपासून बाटल्यांपर्यंत, सगळी. डोळे मिटून बसलेल्या त्या माणसांना ऐकण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं. फोन करणाऱ्या बायका परत आल्या. डेअरीचे कागद सुरू झाले. पण जे गृहस्थ मुतारीत पोचले होते, त्यांनी आक्कांना माफ केलं नाही. पुढच्या वर्षी आक्कांची मुदत वाढवली नाही. निरोप समारंभाला त्या आल्याच नाहीत. आदल्या दिवशी शनिवार होता. दाणे मोजून त्या घरी गेल्या.

मी पुण्याला आलो. मोठी कंपनी, मोठं काम. आक्कांकडे जाणं वर्षा-दोन वर्षांतून एकदा व्हायचं. भावाच्या घरी, हळदीच्या शेताकडेला राहायच्या. शेवटचा गेलो तेव्हा पाचच्या सुमाराला पोचलो. मला पानावर बसवूनच त्यांनी विचारलं, "आता काय करतोस?"

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. आमच्या यंत्रावर अंगठा ठेवला की मिनिटात दाखला. लाखो लोक वापरतात.

"लाखातलं एक तरी माणूस बघितलंयस का?"

मी भाकरी मोडत होतो. "नाही," मी म्हटलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण त्यांच्यापुढे जमलं नाही.

"मग बघ की," त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आमटी वाढली. एवढंच.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली आणि लोणंदला गेलो. तिथं दाखले देणारं एक केंद्र आहे. भिंतीकडेला खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बसलो. तासाभरानं एक म्हातारी आत आली. डोक्यावरून पदर, हाताला कांद्याचा वास. यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र लाल झालं. पुसून ठेवला, पदराला घासून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. लालच. खुर्चीमागच्या पोरीनं नेहमीच्या सुरात सांगितलं, "आजी, उद्या या."

म्हातारी माझ्याशेजारी येऊन बसली. दम खाऊन म्हणाली, "चार दिस झालं येतीया. मालक मिलिटरीत हुतं. त्येंची पेन्शन हाय. मी जिती हाय म्हणून सांगाय येतीया, तर मशीन म्हणतंय न्हाई."

तिनं हात पुढे केला. आयुष्यभर कांदे निवडलेला, खुरपं धरलेला अंगठा. त्यावर रेघ म्हणून राहिली नव्हती.

मी संध्याकाळी आक्कांना फोन लावला. भाच्यानं दिला. मी सगळं सांगितलं, अंगठा कसा होता, यंत्र किती वेळा लाल झालं, पोरगी काय म्हणाली. यंत्रात काय बदलायचं, अंगठ्याशिवाय दाखला कसा द्यायचा, तेही भडाभडा सांगितलं. आक्का शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्या बाईचं नाव काय?"

अंगठा डोळ्यांपुढे आला, नाव काही येईना.

"इचारलं न्हाईस?"

"नाही आक्का."

"मग उद्या परत जा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्राच्या दारात उभा होतो. ती आली. मी पुढे होऊन विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हौसाबाई. तू पयलाच हाईस बघ इचारणारा."